कढीपत्त्याचा खटला आणि मी, बत्ता

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मी पायावर पडलो तर महिनाभर लंगडत फिराल. मी एक जुना पितळी बत्ता आहे. खलबत्त्यातला बत्ता! हल्ली तुमच्या घरोघरी मिक्सर असतो, त्यामुळे आमच्यातला खल कोणता आणि बत्ता कोणता हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. तर ऐका. जो एका जागी बसून मार खातो तो खल, माझा थोरला भाऊ. जो मारतो तो मी. म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आहे. दादाला काही विचाराल तर तो नुसता घुमेल.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीत झाला. मोडीत काढलेल्या समया, चेपलेली ताटं आणि लोलक हरवलेली एक घंटा, असं सगळं एकत्र वितळवून कारागिराने मला साच्यात ओतलं. त्या घंटेचा अंश माझ्यात चांगलाच उतरला असावा. कारण मी कुठे आपटलो की साधा धप्प आवाज होत नाही, खणखणीत होतो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या भानगडींचं मूळ या आवाजात आहे.

शोभाच्या लग्नात तिच्या बाबांनी आम्हा दोघा भावांना रुखवतात मांडलं. लग्नानंतर ती नवऱ्याकडे, म्हणजे सदानंदकडे, कतारला निघाली. तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे ओझं कशाला? तिकडे सगळं मिळतं." शोभा म्हणाली, "सगळं मिळतं आई, पण घरी कुटलेलं मिळत नाही." आणि तिने आम्हाला गोधडीत गुंडाळून बॅगेत कोंबलं.

दोह्याच्या विमानतळावर आमची बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने मला मुठीत धरून वरखाली केलं. शोभाच्या तोंडचं पाणी पळालं. नवी नवरी, सोबत पितळी हत्यार, काय समजतील लोक! पण तो माणूस गालात हसला. "हावन!" तो म्हणाला. त्या लोकांकडेही खलबत्ता असतो. त्यात ते कॉफीसाठी वेलची कुटतात, आणि कुटण्याचा आवाज कानावर आला की शेजारी ओळखतात, चला, कॉफी होते आहे. त्याने मला दादाच्या कडेवर टण्णकन वाजवून पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाला, "यल्ला, जाओ." परदेशातलं माझं ते पहिलं कौतुक. मी अजून कुणालाही ऐकवतो.

आमचं घर अल हिलालमध्ये. एका जुन्या व्हिलाचे भाग पाडून केलेली चार-पाच बिऱ्हाडं, मध्ये सगळ्यांचं मिळून एक अंगण आणि एका कडेला गाड्यांसाठी सावलीची शेड. शेजारी वसईची मेरी राहते. ती हॉस्पिटलात नर्स आहे, नवरा चार्ल्स ऑफिसात आणि मुलगी नताशा शाळेत. वरच्या मजल्यावर मुलुंडचे धवल आणि नुपूर. मागच्या बाजूला कैवल्य नावाचा एक मुलगा आहे, तो फुटबॉल खेळतो आणि बाकीचे काचा सांभाळतात.

सुरुवातीची वर्षं मी मान मोडून काम केलं. दाण्याचं कूट, वेलची, सुंठ, लसूण-खोबरं. पण माझी खरी कीर्ती झाली ती कढीपत्त्याच्या चटणीने. त्याचीही एक गोष्ट आहे. शोभाचे बाबा आयुष्यात एकदाच दोह्याला आले. येताना ओल्या रुमालात परसातल्या कढीपत्त्याची पिकलेली फळं घेऊन आले. शेडच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः खड्डा केला, माती कालवली आणि बिया टोचल्या. म्हणाले, "शोभा, इथे उन्हाने माणूस सुकतं, पण याला सांभाळलंस तर हे तुला सांभाळेल." नाशिकला परतल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. झाड राहिलं. एसीचं टपकणारं पाणी बादलीत साठवून शोभा ते त्याला घालायची. उन्हाळ्यात जुनी ओढणी बांधून सावली करायची. असं करत करत ते शेडच्या पत्र्याला टेकलं. सगळ्या आवाराच्या फोडण्या त्या झाडावर चालायच्या. मेरी म्हणायची, "शोभावहिनी, तुमच्या चटणीसाठी मी पेशंटपण सोडून येईन." देवाशपथ सांगतो, ती एकदा खरंच ड्यूटीचा गाऊन अंगावर ठेवून आली होती.

आता सदानंदबद्दल सांगतो. सदानंद गॅस कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. हाडाचा! नारळ फोडताना डोळ्यांवर चष्मा चढवतो. बल्ब बदलायचा असला की हेल्मेट घालतो आणि शोभाला स्टूल धरायला न लावता "स्टूल-धारक" म्हणून नेमतो. माणूस मनाचा मऊ, पण डोक्यात नियमावली. त्याच्या कंपनीत एक पद्धत आहे. अपघात होता होता टळला तर त्याला म्हणतात निअर मिस. ज्याच्या हातून चूक झाली त्याने आपण होऊन येऊन सांगितलं, तर त्याला कोणी रागवत नाही, उलट शाबासकी देतात. सदानंदची या पद्धतीवर इतकी श्रद्धा, इतकी श्रद्धा, की सकाळी देवापुढे उभा राहिला तरी आधी चुका सांगून मोकळा होत असेल.

एकदा पाण्याच्या टाकीवरून आवारात मोठं भांडण झालं. कोणीतरी गाडी धुण्यात सगळी टाकी रिकामी केली होती. परमुलखात असल्या गोष्टींसाठी पोलिसांकडे कोण जातो! सगळे सदानंदच्या हॉलमध्ये जमले आणि एकदम बोलायला लागले. सदानंदने तीनदा "प्लीज" म्हणून पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन मला उचललं आणि टीपॉयवर आपटलं.

खण्ण! सगळे गप्प. टीपॉयची काच तडकली, ती सदानंदने निअर मिसमध्ये घातली. त्या दिवसापासून आमच्याकडे शुक्रवारचं कोर्ट सुरू झालं. चहा झाला की खटले. सदानंद न्यायाधीश, मी त्याचा हातोडा. निकाल दिला की मला फळकुटावर आपटायचं आणि म्हणायचं, "खलास!"

मित्रांनो, खरं सांगतो, मी फुगलो. मला चिंच लावून घासायला लागले. माझ्यासाठी सोफ्यावर मखमलीचा तुकडा आला. दादा बिचारा ओट्याखाली एकटा. मी स्वयंपाकघरात परतायचो ते न्यायमूर्तींच्या थाटात. तो विचारायचा, "दाणे कुटायचेत, येतोस का?" मी म्हणायचो, "आज तारीख आहे."

आणि कोर्ट चाललंही छान. कबुलीची सवलत सदानंदने पहिल्या दिवसापासून ठेवली होती. सुनावणीच्या आधी येऊन कबूल केलं, तर शिक्षा हलकी. बर्फी कुणी पळवली, कचऱ्याची पिशवी जिन्यात कुणी ठेवली, असल्या गुन्ह्यांना ती सवलत चांगली होती. पोरं खोटं बोलायची बंद झाली. लोक म्हणायचे, सदाकाका म्हणजे देवमाणूस.

मग त्या झाडाचं झालं.

धवलने नवी गाडी घेतली. पांढरीशुभ्र, एखाद्या खोलीएवढी. दोह्यात सावलीतली जागा मिळायला भाग्य लागतं, आणि धवलची जागा नेमकी कढीपत्त्याच्या शेजारी. झाडाला काळीजांभळी फळं धरली. बुलबुल आले, साळुंक्या आल्या. त्या पोटभर जेवायच्या आणि हात धुवायला म्हणा हवं तर, धवलच्या बॉनेटवर बसायच्या. रोज सकाळी पांढऱ्या गाडीवर जांभळी नक्षी. धवल पुसून पुसून रडकुंडीला आला. हे सगळं मी समजू शकतो. मलाही डाग आवडत नाहीत.

एके दुपारी धुळीचं वादळ आलं. दारं-खिडक्या लावून, फटींत ओले टॉवेल कोंबून सगळे आत बसले. संध्याकाळी वारा पडला आणि शोभा बादली घेऊन बाहेर गेली. झाड आडवं पडलं होतं. बादली तिच्या हातून सुटली तो आवाज मी आत सोफ्यावर ऐकला.

"काय वारा होता काकू!" धवल वरून धावत आला. "बापरे! मी खिडकीतून बघत होतो, काडकन मोडलं."

मेरी खाली वाकली. बुंध्यावरून बोट फिरवलं. सुरीने पेरू कापावा तसा सपाट होता तो.

"वाऱ्याकडे करवत होती वाटतं?" मेरी म्हणाली.

धवल लाल झाला आणि नुपूरने हाक मारली नसतानाही "आलो आलो" करत वर गेला.  शोभाने पडलेल्या फांद्यांचा पाला ओरबाडून घेतला, पदरात भरला आणि घरात आली. त्या रात्री तिने माझ्याकडून चटणी कुटून घेतली. शेवटची. मी आजवर हजार चटण्या कुटल्या असतील, पण तेव्हा माझा घाव नीट पडेना. बाबांचं झाड ते. मला रुखवतात मांडणाऱ्या माणसाचं.

आवारात एकच चर्चा. आता शुक्रवारी न्याय होणार! आजवर कोर्टापुढे आलेला सगळ्यात गंभीर गुन्हा. मीही मनातून तयार होतो. म्हटलं, असा आपटेन की जुन्या विमानतळापर्यंत ऐकू जाईल.

पण गुरुवारी संध्याकाळीच धवल आला. हातात कुनाफ्याचा, म्हणजे इकडच्या पाकातल्या मिठाईचा, गरमागरम ट्रे. शोभा मेरीकडे गेली होती. घरात सदानंद, धवल आणि सोफ्यावर मी.

"काका," धवल मान खाली घालून म्हणाला, "एक सेल्फ रिपोर्ट करायचाय."

सदानंदच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांत इतक्या मोठ्या प्रकरणात कोणी आपण होऊन आलं नव्हतं. "बैस बाळा," तो म्हणाला. "बोल. घाबरू नकोस."

"काका, मी झाड... म्हणजे तोडलं असं नाही."

"बरोबर. शब्द जपून वापरावेत. छाटलंस?"

"छाटलं. जरा जास्त छाटलं."

"छाटताना अंदाज चुकला," सदानंदने दुरुस्ती केली.

"अगदी बरोबर काका! अंदाज चुकला."

"मग हा निअर मिस झाला," सदानंद म्हणाला आणि कुनाफ्याला हात घातला.

मित्रांनो, मी तिथे होतो. माझ्यासमोर एक आख्खं झाड तोडल्याचं छाटल्यावर आलं, छाटल्याचं अंदाजावर आलं, आणि शेवटी पाकाबरोबर पोटात गेलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मला नुसतं डोकं आहे, आणि ते दुसऱ्याच्या हाताने चालतं.

शुक्रवारी कोर्ट भरलं. सगळे येऊन बसले, शोभा चहाचा ट्रे घेऊन आली. सदानंदने घसा साफ केला. "आरोपीने आपण होऊन कबुली दिली आहे. प्रकरण छाटताना अंदाज चुकल्याचं, म्हणजे निअर मिसचं आहे. आरोपीने नर्सरीतून एक रोप आणून द्यावं आणि आवाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सॉरी लिहावं. खलास!" आणि मला आपटलं. मी मुद्दाम फळकुटाच्या कडेवर पडलो. नुसता ठप्प आवाज आला.

"बट अंकल," नताशा म्हणाली, "ही कट इट! ही लाइड!"

"केस क्लोज्ड, बेटा."

शोभाने ट्रे खाली ठेवला. कपही हलू दिले नाहीत. ती सरळ आली, नवऱ्याच्या हातातून मला काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दादाच्या पोटात मला ठेवत म्हणाली, "बास झाली तुझी नोकरी."  दादाने टोमणा मारला नाही, थोरला आहे.

दुसऱ्या दिवशी नर्सरीचं रोप आलं. शोभाने ते दारात घेतलं नाही. मेरीने आपल्या पायरीवर ठेवून घेतलं. ग्रुपवर धवलचं "सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स" आलं, त्याखाली सदानंदने अंगठा उठवला. बाकी कोणी नाही.

आणि मग आवार अस्वस्थ झालं. बायका मेरीच्या ओट्याशी जमल्या. सदानंदच्या ओट्यावरच्या रिकाम्या ट्रेमुळे कुनाफ्याची गोष्टही फुटली होती. मेरी म्हणाली, "उद्या कोणी माझं घर जाळलं तर सदाभाऊ म्हणतील, शेकोटीचा अंदाज चुकला. वर कुनाफा खातील." नुपूरही तिथे होती. ती धवलची बायको असूनही म्हणाली, "मला त्याच्याबरोबर बाहेर पडायची लाज वाटते हो. त्याला वाटतं सगळं मिटलं. मिटलंय कुठे?"

पुरुषांनी आणि पोरांनी निकालाचा वेगळाच अर्थ घेतला. सवलत एवढी स्वस्त आहे हे कळल्यावर आवारात कबुलीजबाबांचा पूर आला. कैवल्यने फुटबॉलने मेरीच्या स्वयंपाकघराची काच फोडली. काचेचे तुकडे अजून पडत होते तोवर पोरगं सदानंदच्या दारात! "अंकल, सेल्फ रिपोर्ट! निअर मिस!" सुटला. चार्ल्सने तर कमाल केली. त्याने फोन करून सांगितलं, "सदाभाऊ, उद्या माझा मेव्हणा येणार आहे, मी त्याची गाडी गेटात आडवी लावणार आहे. आजच कबूल करतो." सदानंदने डोकं खाजवलं. नियमात बसत होतं. आगाऊ कबुलीला जास्त सवलत द्यावी काय, यावर तो दोन दिवस विचार करत होता.

शिवाय त्याच्याकडे हातोडा नव्हता. त्याने आधी आमटीचा डाव आपटून पाहिला, तो वाकला. मग टीव्हीचा रिमोट आपटला. टीव्ही मोठ्याने सुरू झाला, रिमोटमधले सेल घरंगळत सोफ्याखाली गेले आणि अख्खं कोर्ट ओणवं होऊन सेल शोधत बसलं. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"अगं, बत्ता दे जरा."

"चटणी चालली आहे," शोभा म्हणाली.

"कसली?"

"मिरचीची."

सगळा आठवडा मिरचीचीच चालली होती. सदानंद जेवताना डोळ्यांतून आणि नाकातून मिळून वाहायचा. "शोभा, मनात काय आहे ते सांग ना," एकदा तो काकुळतीने म्हणाला. "दुसरं झाड हवंय का? मोठं आणून देतो. त्याला आणखी काही शिक्षा करू का?"

"मला झाड नको आणि शिक्षाही नको," शोभा म्हणाली. "त्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं, मी झाड कापलं. एवढंच."

"पण केस क्लोज झाली ना! असा निकाल फिरवला तर उद्या कोण कबुली देईल? सिस्टीमचं काय?"

शोभाने मला इतक्या जोरात आपटलं की दादाच्या बुडाला अजून खोक आहे.

पुढच्या शुक्रवारी सकाळी सदानंद भाजी आणायला बाहेर पडला. शोभाने मला धुतलं, पदराने कोरडं पुसलं आणि हॉलमध्ये आली. टीव्हीशेजारी काचेच्या कपाटात सदानंदची ट्रॉफी असते. असायची. स्फटिकासारखी काच, आत सोनेरी अक्षरांत "सेफ्टी चॅम्पियन". सदानंद दर शुक्रवारी ती स्वतः पुसायचा, मऊ बनियनने. शोभाने ती बाहेर काढली आणि टीपॉयवर ठेवली. मला कळेना, पुसायची असेल तर बत्ता कशाला?

कळलं तोवर उशीर झाला होता. मित्रांनो, मी आयुष्यात मिरच्या चिरडल्या, लसूण ठेचला, नको त्या निकालांवर शिक्का मारला. पण गुन्ह्याचं हत्यार मी तेव्हा पहिल्यांदा झालो. एकच घाव. ट्रॉफीचा पार भुगा! आणि काय आवाज आला म्हणून सांगू, दहा खटल्यांत आला नव्हता.

सदानंद पिशव्या घेऊन दारात आला तर शोभा समोर उभी. हात जोडून.

"अहो, एक सेल्फ रिपोर्ट करायचाय."

"तू? अगं वा! बोल ना."

"धूळ पुसताना जरा जास्त पुसलं गेलं. अंदाज चुकला."

सदानंदने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. टोमॅटो सगळ्या पायरीवर पसरले.

"शोभा! तू फोडलीस ट्रॉफी! बत्त्याने फोडलीस!"

"फोडली नाही. जास्त पुसली."

"डोळे आहेत मला! भुगा केलास तू! मुद्दाम!"

"हळू बोला. निअर मिस आहे," शोभा म्हणाली. "बाजारातून दुसरी आणून देते. ग्रुपवर सॉरी लिहिते. फ्रीजमध्ये श्रीखंड आहे, वाढू?"

"अगं माझी उभी नोकरी होती त्यात!" सदानंदचा आवाज चिरकला. तोवर मेरी, चार्ल्स, नुपूर, सगळं आवार दारात गोळा झालं होतं. "मला न विचारता तूच फोडायची आणि तूच ठरवायचं पुसली म्हणून? माझी वस्तू होती ती!"

"आणि झाड कुणाचं होतं?" शोभाने विचारलं.

सदानंदने हातातली उरलेली पिशवी खाली ठेवली.

"माझ्या बाबांनी लावलं होतं ते. तडजोड तुम्ही आणि धवलने केलीत. कुनाफा तुम्ही खाल्लात. मला एका शब्दाने विचारलंत? तुमच्या ट्रॉफीला 'फोडली' म्हणायचं, आणि माझ्या झाडाला मात्र 'छाटलं'?" ती बोलता बोलता रडायला लागली. "वारा म्हणाला हो तो मला. मी बादली घेऊन उभी होते, आणि माझ्या तोंडावर वारा म्हणाला."

सदानंद पायरीवरच बसला, टोमॅटोंच्या मध्ये.  मग म्हणाला, "चुकलं माझं." सेल्फ रिपोर्ट वगैरे काही म्हणाला नाही.

संध्याकाळी कोर्ट भरलं. सदानंद खुर्चीवर बसला नाही. म्हणाला, "झाड माझ्या बायकोचं, आणि कुनाफा माझ्या पोटात. मी या खटल्याला बसू शकत नाही." त्याने मला मेरीच्या हातात दिलं. मेरी रोज माणसांना सुया टोचते, तिचा हात बसलेला. तिने मला असं धरलं की मी ओळखलं, आज टंगळमंगळ नाही.

"धवल, उभा राहा. काय केलंस?"

"मेरीआंटी, माझा अंदाज..."

खण्ण!

"मी जरा जास्त छाटलं..."

खण्ण!

"तोडलं गेलं माझ्याकडून..."

मेरीने मला नुसतं वर उचललं. धवलने माझ्याकडे पाहिलं, मग नुपूरकडे, मग शोभाकडे. त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला.

"मी कापलं," तो म्हणाला. "करवतीने. गाडीवर डाग पडत होते म्हणून. वादळात कोणी बाहेर नसतं हे बघून कापलं. काकू, तुम्हाला वारा म्हणून सांगितलं ते खोटं होतं. मी दोह्यात आलो तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही मला वरण-भात आणि तीच चटणी वाढली होती. मला सगळं माहीत होतं, तरी कापलं."

 मेरीने मला मुठीत गच्च आवळलं.

"शिक्षा," मेरी म्हणाली. "सावलीतली जागा गेली. सगळा उन्हाळा गाडी उन्हात."

सगळ्यांनी श्वास आत ओढला. तुम्ही दोह्याचा उन्हाळा पाहिला नसेल तर सांगतो, ही फाशीच आहे. दुपारी स्टिअरिंगला हात लावला तर पापड भाजल्यासारखा भाजतो. धवलने मान खाली घातली. "मान्य आहे," तो म्हणाला.

"थांब मेरी," शोभा म्हणाली. तिने डोळे पुसले. "अर्धा उन्हाळा पुरे."

"बट आंटी!" नताशा उठून उभी राहिली. "दॅट्स अ डिस्काउंट! यू वेअर अगेन्स्ट डिस्काउंट!"

"आता सवलत देता येते बाळा," शोभा म्हणाली. "आता त्याने सांगितलंय, आणि आता मी देतेय."

मेरीने मला आपटलं. खण्ण! असा आवाज माझ्यातून पुन्हा येईल की नाही, ठाऊक नाही.

मित्रांनो, ते झाड काही परत फुटलं नाही. धवल उन्हात गाडी लावतो, हाताला ओला रुमाल गुंडाळून चालवतो आणि काकूंना लांबून नमस्कार करतो. काकू मान हलवतात. नर्सरीचं रोप अजून मेरीच्या पायरीवर आहे. शोभा त्याला पाणी घालत नाही, पण ऊन आलं की जाता-येता पायाने सावलीत सरकवते. सदानंदने काचेचा भुगा झाकण लावलेल्या डब्यात भरला आणि वर लिहिलं, "धोका. तीक्ष्ण." शेवटी सेफ्टी ऑफिसर तो.

मी आता ओट्यावर दादाजवळ असतो. शुक्रवारी कोर्ट असलं तर जातो, नाहीतर दाणे कुटतो. माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. कधीमधी चिंच लावून घासा, आणि मला ओलं ठेवू नका, डाग पडतात. आणि तुमच्या घरी, शाळेत, आवारात कुणाचं काही मोडलं, तर मला आपटून खलास म्हणायची घाई करू नका. आधी ज्याचं मोडलं त्याच्याकडे जा. काय मोडलं ते मोडणाऱ्याच्या तोंडून त्याला ऐकू द्या. माफ करायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. वेळ लागेल. लागू दे. मी पितळेचा आहे, तोवर थांबतो.